सुपारी सोलून होईपर्यंत

अंगणात सुपारी पसरली की पहिले चार दिवस काही जाणवत नाही. नारिंगी फळं उन्हात चकाकत पडलेली असतात, येणारा-जाणारा फाटकापाशी थांबून बघतो, एखादा शहरी पाहुणा फोटोही काढतो. वास सुटतो तो पाचव्या-सहाव्या दिवशी. किंचित आंबूस, किंचित गोड, ओल्या गोणपाटासारखा. मग तो जानेवारी सरेपर्यंत घरात मुक्कामाला असतो. कपड्यांना लागतो, उशीला लागतो, पाण्याच्या हंड्यालासुद्धा लागतो असं आईचं म्हणणं. यंदा मी पोचले तेव्हा सुपारी पसरून आठवडा झाला होता. फाटक ढकललं आणि तो वास समोर आला. मी बॅग ओटीवर टाकली आणि तिथेच पायरीवर बसून राहिले.

"प्रवासाने दमलीस," आई म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

प्रवासाने मी कधी दमत नाही, हे आईला ठाऊक आहे. पण ह्या अंगणाबद्दल आणि ह्या वासाबद्दल बोलायचं नाही, असं आमच्यात गेले तीन हिवाळे ठरल्यासारखं झालं आहे.

आमची वाडी बोर्ली पंचतनच्या पुढे, समुद्राच्या अंगाला. नारळ थोडे, पोफळी जास्त. नाना, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि मग उरलेला सगळा वक्तशीरपणा त्यांनी ह्या पोफळींवर काढला. कुठल्या झाडाला किती घड, कुठल्या झाडाची सुपारी कापल्यावर पांढरी निघते, सगळं तोंडपाठ. झाडांना ते विद्यार्थ्यांसारखे रागावत. "ही तिसऱ्या ओळीतली, नुसती उंच झाली आहे, डोक्यात काही नाही." हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणत.

मी काय करते ते गावात एकदाच कुणीतरी नीट विचारलं, ते महादूने. महादू आमच्याकडे पोफळी पाडतो. आतल्या गावचा, घरची थोडी भातशेती, आता पन्नाशी उलटली आहे. पण अजूनही एका पोफळीवर चढला की खाली न उतरता झाड झुलवून दुसऱ्या पोफळीचा शेंडा धरतो. त्याने विचारलं, "मंजूताई, तुमी तिकडं परदेशात करता काय?" मी म्हटलं, टकरी लावतो. "कुनाच्या, रेड्यांच्या?" मी म्हटलं, प्रोटॉनच्या, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. महादूने जरा विचार केला. "मग जिंकलं कोन ते कसं कळतं?" नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे कितीतरी दिवस माझा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न, "काय मंजे, कोण जिंकलं?"

खरं उत्तर असं की टक्कर कुणी जिंकत नाही, तिथे उधळतं काय ते बघायचं असतं. जिनिव्हाजवळ जमिनीच्या पोटात सत्तावीस किलोमीटरचं वर्तुळ आहे. त्यात प्रोटॉनचे झोत उलट दिशांनी पळतात आणि ठरलेल्या जागी आदळतात. बहुतेक कण जन्मतात तिथेच मरतात. माझा शोध वेगळ्या कणांचा. आमचा संशय असा आहे की काही कण थोडे जास्त जगत असतील. टक्कर झाल्यावर ते मुकाट्याने चालायला लागतात, वाटेत कुठेही खूण ठेवत नाहीत, आणि हातभर, दोन हात, कधी काही मीटर लांब गेल्यावर मग फुटतात. टक्कर एकीकडे आणि तिची खूण भलतीकडेच. असा कण अजून कुणाला सापडलेला नाही. असेल की नाही, तेही माहीत नाही. ह्यावर मी वयाची तेरा वर्षं घातली आहेत.

तिकडे कडाक्याच्या थंडीत यंत्राला सुट्टी असते. त्या दिवसांत विजेची टंचाई असते, दुरुस्त्याही तेव्हाच उरकतात. म्हणून मी हिवाळ्यात घरी येते, आणि म्हणून माझ्या डोक्यात यंत्र थांबणं आणि सुपारी वाळणं ही एकाच ऋतूची दोन नावं होऊन बसली आहेत.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी चांगली सहा आठवड्यांची आले होते. काम माझ्याबरोबरच होतं. विहिरीच्या कठड्यापाशी फोनला नेटवर्क मिळतं, तिथे मी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला सुपारीचं अंगण. आमचं विश्लेषण पुरं होत आलं होतं. तपासणारी मंडळी रोज नवे प्रश्न पाठवायची आणि मी कावळ्यांना हुसकत त्यांची उत्तरं लिहायची.

नाना सकाळी सुपारी उलटायला येत. हातात लाकडी फावडं, डोक्याला पंचा. एके दिवशी त्यांनी विचारलं, "एवढं सगळं मोजून झालंय म्हणतेस, मग तो कण आहे की नाही ते बघत का नाहीस? आकडे तर तुझ्याजवळच आहेत."

मी त्यांना आमची रीत सांगितली. आकड्यांमधला जो भाग महत्त्वाचा, जिथे तो कण असलाच तर दिसेल, तेवढा भाग आम्ही झाकून ठेवतो. त्याला आम्ही पेटी म्हणतो. आधी बाकीचं सगळं ठरवायचं. काय घ्यायचं, काय टाकायचं, चूक किती धरायची, हे सगळं पक्कं करून त्यावर सगळ्यांनी माना डोलवायच्या. मगच पेटी उघडायची, आणि उघडल्यावर आत जे निघेल ते मुकाट्याने मान्य करायचं. आधीच डोकावलं तर माणसाचं मन लबाडी करतं. हवं ते दिसायला लागतं, नको ते दिसेनासं होतं.

नाना फावड्यावर हनुवटी टेकून ऐकत होते. "म्हणजे मनाला वर्गाबाहेर उभं करायचं," ते म्हणाले. "हे तर मी जन्मभर केलं." पेपर तपासताना ते पहिल्या पानाचा नाव असलेला कोपरा दुमडून टाचणी लावत, हे मला तेव्हा आठवलं. माझा पेपरही त्यांच्याकडे असायचा, म्हणून. एकदा त्यांनी मला नापास केलं होतं, आणि टाचणी काढल्यावर स्वतःच दिवसभर जेवले नव्हते.

त्याच सुमाराला त्यांचं पोट दुखायचं. जेवण कमी झालं होतं, पंचा कमरेला जास्त वळसे घेऊ लागला होता. अलिबागला जाऊन तपासण्या करून झाल्या होत्या. आठवड्याने रिपोर्ट आणायचा होता. मी जाणार होते बरोबर, खरंच जाणार होते. पण त्या दिवशी मीटिंग ठरली. नाना म्हणाले, "पाकीट तर आणायचंय, त्याला डॉक्टरेट कशाला? महादू येईल." आईने डबा दिला, मऊ भात, तूप, मेतकूट. दोघं दिघीला गेले, फेरीबोटीने पलीकडे आगरदांड्याला उतरले, तिथून मुरूड, रेवदंड्यावरून अलिबाग. तिन्हीसांजेच्या आत परतही आले. आईने आधी डबा उघडून बघितला. रिकामा होता. कितीतरी दिवसांनी त्यांनी डबा संपवला म्हणून तिचा चेहरा उजळला, आणि ती लगेच रात्रीच्या भाताला तांदूळ धुवायला गेली.

नानांनी खाकी पाकीट आम्हा दोघींना दाखवलं. तोंड बंद होतं, कोपऱ्यावर तुपाचा डाग पडला होता. त्यांनी ते फडताळात, जुन्या हजेरीवह्यांवर ठेवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "सुपारी सोलून होईपर्यंत हे उघडायचं नाही. मंजूचा नियम. आधी हंगामाचं काम पक्कं, मग पेटी. तिची आणि माझी एकाच दिवशी उघडू."

आई म्हणाली, "हा काय पोरखेळ? डॉक्टरांना तरी विचारलंत?"

"विचारलं. घाई नाही म्हणाले."

आईने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, मी परदेशात राहणारी, मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं. आणि मी हसले. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. माझ्या कामातली एक गोष्ट माझ्या वडलांनी उचलून घरात आणली होती, फडताळात ठेवली होती. मी म्हटलं, "आई, महिन्याचा तर प्रश्न आहे." आता त्यात आणखी एक कबूल करते. ते मला सोयीचंही होतं. पाकिटात काही वाईट निघालं असतं तर माझी पेटी दुसऱ्याच कुणीतरी उघडली असती.

मग तो महिना. त्याच्याबद्दल मी कधी नीट लिहू शकले नाही आणि आजही जमेल असं वाटत नाही. ऊन फार छान होतं. दुपारी समुद्रावरचा वारा वळून वाडीत शिरला की वरचे झाप सळसळत. सुपारीचा रंग रोज एकेक पायरी उतरत होता, नारिंगीवरून तपकिरीवर, तपकिरीवरून राखेवर. नानांनी मला सुपारी ओळखायला शिकवली. इतक्या वर्षांत शिकवली नव्हती, मीही विचारली नव्हती. एक सुपारी उचलायची, कानाजवळ न्यायची, हलवायची. आत गर सुटून खुळखुळ वाजला की वाळली. गप्प राहिली की अजून ओली. "फोडायची गरज नाही," ते म्हणत, "कानाला कळतं." मी हलवायची, मला सगळ्याच सारख्या वाटायच्या. ते माझ्या हातातून घेऊन, डोळे मिटून ऐकायचे आणि बरोबर त्या-त्या ढिगात टाकायचे.

एका दुपारी आई फारच मागे लागली. रिपोर्ट उघडा, उघडा. नाना उठले, फडताळातून पाकीट काढलं, कानाजवळ धरलं आणि गंभीर चेहऱ्याने हलवलं. "अजून ओलं आहे," म्हणाले, आणि परत ठेवलं. आईला हसायचं नव्हतं, तरी ती हसली. मी तर पोट धरून हसले. महादू अंगणात घड तोडत बसला होता. तो मात्र हसला नाही, मान खाली घालून हात चालवत राहिला. मला वाटलं, त्याला विनोद कळला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुपारी सोलायला घेतली. बायका ओळीने लोखंडी पात्यांसमोर बसल्या. साल एका बाजूला, सुपारी दुसऱ्या बाजूला. नाना मधे खुर्ची घेऊन बसलेले. उभं राहवत नव्हतं त्यांना, पण उन्हाचा त्रास होतो असं म्हणत. शेवटची टोपली सोलून झाली त्याच दुपारी माझी मीटिंग होती. विहिरीपाशी नेटवर्क आलं. चार देशांतली माणसं पडद्यावर चौकोनात बसली होती. माझ्या सहकाऱ्याने संगणकाला आज्ञा दिली, आलेख उमटला. कणाची खूण नव्हती. जेवढं नेहमीच्या, माहीत असलेल्या गोष्टींतून यायचं होतं, तेवढंच आलं होतं. कुणीतरी म्हणालं, छान झालं काम. मी म्हटलं, हो, छान झालं.

लॅपटॉप मिटून आत आले. नाना वाट बघत होते.

"कोण जिंकलं?"

"काहीच नाही निघालं, नाना."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लहान नव्हते, त्यांची तशी सवयही नव्हती. "काही नाही हेही उत्तरच असतं," ते म्हणाले. "पुढच्याने तिथे शोधायला नको." मग म्हणाले, "चल, आता माझं."

त्यांनी कात्री मागितली. पाकीट तोंडाकडून न फोडता उलट्या बाजूने, तळाकडून, सरळ रेषेत कापलं. व्यवस्थित माणूस, मला वाटलं. आतला कागद त्यांनी माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या पेटीत काही निघालं नव्हतं. त्यांच्या पाकिटात सगळं लिहिलेलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मुंबई, मोठी रुग्णालयं, लांब रांगा. नाना चैत्रात गेले. त्याआधी मी एका डॉक्टरांना बाहेरच्या वऱ्हांड्यात गाठून विचारलं होतं, महिनाभर आधी आणलं असतं तर? ते हातातल्या कागदांकडे बघत राहिले. म्हणाले, "आता तो विचार करू नका." मी तो विचार रोज केला. विमानात केला, नियंत्रण कक्षात पाळीवर असताना केला, स्वयंपाक करताना केला. दहाव्याला भाताचा पिंड ठेवला, कावळा शिवायला तयार नव्हता. तिथे सगळ्यांसमोर आई एकदाच म्हणाली, "शाळेतल्या माणसाला असले नियम सांगू नयेत." त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. तिने ओरडून भांडायला हवं होतं. मला ते जास्त सोपं गेलं असतं.

पाकीट मी ठेवून घेतलं. लॅपटॉपच्या बॅगेत मागच्या कप्प्यात ते गेली तीन वर्षं माझ्याबरोबर हिंडतं आहे. कागद बाहेर काढून वाचते असं नाही, तो पाठ आहे. पण माझ्या हातून काय झालं त्याची एक खूण जवळ असावी, असं वाटायचं. तीन वर्षांत यंत्राने पुष्कळ जास्त टकरी नोंदल्या. आमच्या कणांसाठी निवडीचे नवे नियम आले. आधी जे क्षणार्धात टाकून दिलं जायचं, त्यातलं काही आता हाती राहू लागलं. सेकंदाला कोट्यवधी वेळा झोत एकमेकांतून जातात आणि त्यातल्या मूठभरच नोंदी ठेवता येतात. बाकीचं कायमचं जातं. हे विद्यार्थ्यांना समजावताना माझा आवाज अलीकडे बदलतो, असं एकीने मला सांगितलं. मी म्हटलं, सर्दी असेल.

ह्या हिवाळ्यात पुन्हा एक पेटी उघडायची आहे. ती उघडताना मी नसेन, असं मी आधीच कळवून टाकलं होतं.

परवा सकाळी अंगणात मी आणि महादू दोघंच होतो. आई आत होती. मी फावड्याने सुपारी उलटत होते, नानांसारखी जमत नाही, अर्धी तशीच राहते. महादू घड तोडून फळं सुटी करत होता.

"औंदा तुमची पेटी कदी उघडायची?" त्याने विचारलं. त्याच्या लक्षात होतं.

"उघडतील महिन्याभरात. मी नाही उघडणार."

"का बरं?"

आणि तीन वर्षं जे कुणाशी बोलले नव्हते ते मी सुपाऱ्यांकडे बघत महादूला सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या त्या नियमापायी नानांनी पाकीट महिनाभर बंद ठेवलं. आणल्या दिवशी उघडलं असतं तर कदाचित आज ते इथे खुर्ची टाकून बसले असते.

महादूचे हात थांबले. "उघडलं न्हवतं कोन म्हनतो? नानांनी बोटीवरच उघडलं ते. माज्या म्होरं."

मी फावडं धरून उभी राहिले.

"येताना आगरदांड्याला बोटीत बसलो. बोट हालली तसं नानांनी पाकीट फोडलं. लई येळ वाचत व्हते. मी इचारलं, काय लिवलंय? तर कागद दुमडला, म्हनले, महादू, पानी मुळाशी लागलंय, झाड आता ऱ्हात न्हाय. मंग तितनंच डागदराला फोन लावला. इंग्रजीत बोलले, मला काय कळलं न्हाय. फोन ठेवला नि म्हनले, घाई करून बी फार काय व्हनार न्हाय. आता ते खरंच डागदर बोलला का मला धीर दिला, देव जाने."

"मग?"

"मग म्हनले, मंजूचं काम हातातोंडाशी आलंय. आता कळलं तर ती सगळं टाकून उठंल. दहा वर्सं घातली पोरीनं. तिचं होऊ दे. मला म्हनले, घरात बोलायचं न्हाय. शपथ घातली." महादूने एक फळ उचललं, नुसतंच हातात फिरवलं. "मला वाटलं, नंतर तुमाला त्यांनी सांगितलं आसंल. तुमी कदी इचारलं न्हाय, मी कसं काडू?"

मी विचारलं, पण पाकीट तर बंद होतं.

"ते बंद केलं की, बोटीतच," महादू म्हणाला. "डबा व्हता ना. खाल्ला कुटं त्यांनी, बाकीचा खाडीत वतला."

मी आत गेले. बॅग उघडली, पाकीट काढलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. तळाकडची कापलेली कड मी शंभर वेळा बघितली होती. तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं. त्या बाजूला बघायचं काही आहे असं वाटलं नव्हतं. झाकणाची कड नखाने हळूच उचलली. खाली भाताची शितं होती. चपटी, वाळून काचेसारखी झालेली, मेतकुटाने पिवळट पडलेली. अंगठ्याने दाबून बसवलेली. चार-पाच ठिकाणी अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या.

मी पोटासाठी खुणा शोधते. केसाच्या जाडीपेक्षा कमी अंतराने सरकलेली रेघ मला पडद्यावर दिसते, आणि ती कुठून निघाली असेल ते मागे-मागे जाऊन मी सांगू शकते. माझ्या बापाच्या अंगठ्याची खूण माझ्या बॅगेत तीन वर्षं होती.

जुने आकडे कधी-कधी आम्ही पुन्हा काढतो. आकडे तेच असतात, एक गोष्ट नव्याने कळलेली असते आणि मग सगळं पहिल्यापासून बघावं लागतं. तसा आता तो महिना मला पहिल्यापासून बघावा लागतो आहे. आजवर त्यातले नाना अजाण होते, माझ्या नियमाने फसलेले, आणि मी गुन्हेगार होते. त्या दुःखाची मला सवय झाली होती. आता प्रत्येक दुपारी त्या अंगणात एक माणूस उभा आहे, ज्याला सगळं ठाऊक आहे. तो मला सुपारी कानाशी धरून ऐकायला शिकवतो आहे, कारण पुढच्या वर्षी शिकवायला तो नसणार. तो आईला हसवायला पाकीट हलवतो आहे, आणि महादू मान वर करत नाही. मी हसते आहे. "चल, आता माझं," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसतो, कारण कागदाकडे बघायची त्याला गरज नाही. मनाला वर्गाबाहेर उभं करायचं म्हणणारा माणूस महिनाभर एकटाच वर्गात बसून होता, आणि बाहेर आम्हाला उभं केलं होतं. कशासाठी, तर माझ्या हातून एक पेटी उघडली जावी म्हणून. तिच्यात काही नव्हतं, नाना. काही म्हणजे काहीच नव्हतं. त्या महिन्याच्या बदल्यात मी तुमच्यासाठी एक कणसुद्धा आणू शकले नाही.

मी किती वेळ खिडकीशी होते ते माहीत नाही. आईने हाक मारली, ऊन उतरलं, दव पडायच्या आत ताडपत्री टाकू या म्हणून. मी गेले नाही, तशी तीच आत आली. माझ्या हातात ते पाकीट बघून दारातच थबकली. तिनेही ते तीन वर्षांनी बघितलं होतं.

तिला सांगावं की नाही, ह्याचा मी एवढा वेळ विचार करत होते. पण आता ह्या घरात आणखी एक पाकीट बंद ठेवायची माझ्यात ताकद नव्हती. मी तिला पलंगावर बसवलं आणि महादूने सांगितलं ते सगळं सांगितलं. नियमाने काही झालं नाही, आई. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपल्याला कळू नये म्हणून त्यांनी नियम पुढे केला. मग झाकण उचलून तिच्यासमोर धरलं.

आईने पदराने चष्मा पुसला. पाकीट मांडीवर घेतलं. त्या शितांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, ताटातलं शीत वाया जाऊ नये म्हणून ती फिरवते तसं. माझ्याकडे तिने बघितलं नाही. पण दुसरा हात तिने माझ्या मनगटावर ठेवला होता आणि तो काढला नाही.

"डबा रिकामा आला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "मला वाटलं, जेवले."